तीनशेचार

आमच्या गाडीला आम्ही कधी गाडी म्हटलं नाही. तीनशेचार म्हणायचो. "तीनशेचार धुतली का?" "तीनशेचारवर ऊन यायलंय, गोणपाट टाका." गावातली माणसंही तसंच म्हणत. आमच्या मालकांना पाठीमागे तीनशेचारवाले अप्पा म्हणायचे. ते त्यांना एकदा कळलं, तेव्हा रागावले नाहीत, उलट खूश झाले.

गाडी अँबॅसडर. माझ्या लग्नाच्याही आधीची, पण आमच्या घरी आली ती माझी लेकरं शाळेत जायला लागल्यावर. गुलबर्ग्याच्या एका तूरडाळीच्या व्यापाऱ्याकडून मालकांनी ती जुनी म्हणून घेतली. पुढची नंबराची पाटी गंजून पडलेली होती, मागची तेवढी शाबूत होती, तीही कानडी आकड्यांत. आमच्या गावाजवळ, ठाणाकुशनूरला, एक रंगारी होता. बैलगाड्या, दुकानाच्या पाट्या सगळं तोच रंगवायचा. त्याने मागची पाटी बघून पुढची इंग्रजीत रंगवून दिली. म्हैसूर राज्याची जुनी अक्षरं आणि पुढे तीनशे चार. तेव्हापासून ती तीनशेचार.

मला ती गाडी आवडत नव्हती. तिच्यात पेट्रोलचा वास यायचा आणि भालकीच्या पुढे गेलं की मला उलटी व्हायची. हे आधीच सांगते, कारण पुढे जे मी केलं ते गाडीच्या मायेपोटी केलं असं लोक म्हणतात. तसं काही नव्हतं. माझा माणूस जेवत नव्हता, म्हणून केलं.

मालकांना काही सालांखाली विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग शेताची वाट गेली. उदगीरच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं की मेंदू सुकत चाललाय, याला औषध नाही, सांभाळा. सांभाळत होते. मग ते जेवायचं विसरले. भूक लागत होती, पण समोरच्या ताटाचं काय करायचं ते कळत नव्हतं. घास तोंडाजवळ नेला की हात झटकायचे. एकदा माझ्या अंगावर वरणाची वाटी आली. सून म्हणाली, "अत्ती, मी भरवते," तर तिला त्यांनी शिवी दिली. आमच्या घरात सुनेला कोणी शिवी देत नाही. ती बिचारी डोळ्याला पदर लावून आत गेली.

एक दिवस दुपारी ते घरात दिसेनात. शोधलं तर छपरात, गाडीत, चालवायच्या जागेवर बसलेले. दोन्ही हात चाकावर. मी रागातच ताट घेऊन शेजारी बसले आणि घास पुढे केला. त्यांनी समोर बघत बघत तोंड उघडलं. चावलं, गिळलं. मग म्हणाले, "औराद आलं का?"

मी म्हटलं, "यायलंय."

पुन्हा तोंड उघडलं. अशी एक भाकरी गेली.

तेव्हापासून दोन्ही टायमाचं जेवण गाडीत. मी तिथे एक उशी नेऊन ठेवली, कारण माझी कंबर धरायची. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, नाहीतर वरणात. औराद कधी आलं नाही, पण जेवण व्हायचं. शेजारच्या बायका हसायच्या. "अक्का, हॉटेल काढलाव का?" मी म्हणायचे, "व्हय, तुमचे धनी बी धाडा, पण त्यांना चालवता येत न्हाई." हसू देत. माणूस जगत होता.

आता गाडी गेली कशी ते सांगते.

कमलनगरला आमच्या भावकीतलं लग्न होतं. नवरदेवाला परण्याला, म्हणजे मारुतीपर्यंतच्या मिरवणुकीला, आमचीच गाडी पाहिजे म्हणून लग्नघरचे हटून बसले. गाडी चालू ठेवायचं काम माझ्या धाकट्या दिराकडे होतं. मी नाही म्हटलं.

दीर म्हणाला, "वैनी, एका घंट्याचं काम हाय. हार घालून मारुतीपर्यंत न्यायची, आणायची. लोक आशेनं मागायलेत."

"त्यांच्या जेवायच्या टायमाला आणून लावशील?"

"न्हाई लावली तर नाव बदलतो बगा माझं."

गाडी आली नाही. दिवस मावळायच्या वेळी दीरच एकटा जीपमधून उतरला. नवरदेव सोडून परत येताना रस्त्यावर पोलिसांची तपासणी चालू होती. पुढचा नंबर पोलिसाने फोनमध्ये घातला, तर फोनमध्ये स्कूटर आली. दुसऱ्याच कुणाची तरी, लाल स्कूटर. पोलिसाने फोन बघितला, गाडी बघितली. खोटा नंबर लावून गाडी चालवतात म्हणून गाडी ठाण्याच्या आवारात नेऊन उभी केली.

दिराचं तोंड बघून त्याला बोलायची इच्छा राहिली नाही. आत मालक छपराच्या खांबाला धरून उभे होते. रिकाम्या जागेकडे बघत होते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मुलगा हैदराबादला कामाला असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, भंगार हाय ती. सुटू दे एकदाची." मी म्हटलं, "मग तू येऊन जेवव त्यांना." त्यालाही रजा मिळत नाही, ते मला कळतं. पण बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन कमलनगरला गेले. माझी सून गुलबर्ग्याकडची. तिचं शिक्षण कानडीत झालेलं, मराठी ती आमच्या घरात येऊन शिकली. मी चौथी शिकले ती मराठी शाळेत. मला कानडी बोलता येतं, भांडताही येतं, पण वाचता येत नाही. आमचा जिल्हा कर्नाटकात, सरकारी कागद सगळे कानडीत असतात. म्हणून कुठेही जायचं तर आम्ही दोघी मिळून एक माणूस होतो.

ठाण्यात एक हवालदार होता, पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या. चांगला होता बोलायला.

"अक्का, गाडी कुणाची हाय?"

"आमची."

"नंबर?"

"तीनशेचार."

"पैल्यांदा सांगतो, तीनशे चार ह्ये आमच्या पुस्तकात चांगलं कलम न्हवतं, माणूस मारल्याचं व्हतं." तो आपल्याच विनोदावर हसला. "आन् आता सांगतो, तीनशे चार ही स्कूटर हाय."

"मग ती उभी हाय ती काय हाय?"

"त्येच तर आमी तुमाला विचारायलाव."

सून तोवर आवारात जाऊन गाडीभोवती फिरत होती. गाडीवर कालचे झेंडूचे हार तसेच होते. ती मागे जाऊन वाकली आणि तिथेच उभी राहिली. मग मला हाक मारली. "अत्ती, हिकडं या."

मागची कानडी पाटी धुळीने भरलेली होती. तिने पदराने पुसली.

"ह्ये काय हाय, वाचा."

"तीन. शून्य. चार."

"अत्ती, ह्ये शून्य न्हाई. ह्ये एक हाय. ह्ये तीनशे चौदा हाय."

कानडीतले तीन आणि चार आपल्या मराठीसारखेच दिसतात, बारीकसा फरक. पण कानडीतला एक म्हणजे एक गोल कडं, खालून जरा उघडं राहिलेलं. नीट बघितलं नाही तर आपल्या मराठी माणसाला ते शून्यच वाटतं. त्या रंगाऱ्यालाही वाटलं. तो मेला त्याला किती साल झाले. त्याने शून्य रंगवलं आणि आम्ही इतकी वर्षं त्या शून्याला नाव म्हणून हाक मारली. मालकही मराठी आणि थोडं उर्दू शिकलेले. गाडीचं खरं बुक दलालाने करून दिलं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत टाकलं. पुन्हा कोण कशाला काढून बघतो?

हवालदाराला बोलावून दाखवलं. त्याने मान वाकडी करून बघितलं. "व्हय की. एक हाय." मला वाटलं, झालं, आता गाडी सोडेल. तो म्हणाला, "म्हणजे गाडीला पुढनं एक नंबर आन् मागनं दुसरा. ह्ये तर आणखीच वाईट झालं, अक्का."

घरी येऊन पेटीतलं बुक काढलं. त्यात तीनशे चौदाच होतं, इंग्रजीत, निळ्या शाईत. मालकांचं नावही होतं. ते घेऊन बिदरला गाड्यांच्या कचेरीत गेलो. खिडकीवर एक तरुण बाई होती. तिने कधी आवाज चढवला नाही. आवाज चढवणाऱ्याशी मला भांडता येतं. तिच्याशी काय करायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिने नंबर घातला. "सिस्टमन्याग इल्ल, अज्जी." म्हणजे यंत्रात नाही.

सून म्हणाली, "बुकात हाय की."

"बुकात आहे, सिस्टममध्ये नाही. जुनी रजिस्टरं चढवताना ही राहिली असेल. जुनं रजिस्टर मिळालं तर चढवता येईल."

"कुठं मिळंल?"

"गुलबर्ग्याला."

गुलबर्ग्याला सुनेचा भाऊ जाऊन आला. तिथे सांगितलं की बिदरची सगळी रजिस्टरं बिदरला दिली. बिदरच्या बाईला ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग नसतील.

तिनेच दुसरी वाट सांगितली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी सरकारने नवीन नियम केलाय. व्हिंटेज म्हणून नोंद करायची, गाडीला तसा वेगळा नंबर मिळतो, मग ती कायद्याने उभी राहते. म्हातारी म्हणून मान देतात असं मी त्यातून समजले. सून फोनवर अर्ज भरायला लागली. तो अर्ज मालकाच्या नावाने, आणि खात्री करायचा आकडा मालकांच्या फोनवर येणार. मालकांचा फोन त्यांनी मागच्या पावसाळ्यात हौदात टाकला होता. तो नंबर चालू करून घ्यायला पुन्हा बिदर. तिथे म्हणाले, ज्याचा नंबर त्याने अंगठा लावायला यावं.

अर्जात एक प्रश्न होता. सून वाचून दाखवायची, मी उत्तर द्यायचे.

"गाडीचं इंजिन, सांगाडा, सगळं मूळचंच हाय का, की बदललंय?"

"मूळचंच हाय. घरात तेवढंच एक राहिलंय."

"अत्ती, तसं लिहू का?"

"न्हाई. व्हय एवढंच लिही."

पण खरा घोळ पुढेच होता. खिडकीतली बाई म्हणाली, गाडी तपासल्याशिवाय नोंद होत नाही, गाडी घेऊन या. गाडी पोलिसांकडे. पोलिस म्हणाले, नोंद झाल्याचा कागद आणा, मग साहेब कोर्टाला लिहितील, कोर्ट दंड करेल आणि गाडी सोडेल. मी हवालदाराला म्हटलं, "ते म्हणतात गाडी आणा, तुमी म्हणताव कागद आणा. मी काय आणू?"

"आमचं बी डोस्कं चालंना, अक्का," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

इकडे घरात ते जेवेनात. मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. छपरात खुर्ची ठेवली, तिच्यापुढे जुन्या सायकलचं चाक बांधलं. त्यांनी चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ते विसरले होते, पण वेडे नव्हते. दिराने दुसऱ्याची नवीन गाडी आणली. तिच्यात बसायला तयार झाले नाहीत. "तीनशेचार काढ," एवढंच. दिवसभर तेच. दूध, केळ, पातळ पेज थोडी जायची, तीही सुनेने गाणं म्हणत म्हणत घातली तर. धोतर कमरेला राहीना. मी त्याला नाडा लावला.

खिडकीतली बाई एक दिवस म्हणाली, "मालक स्वतः आले, गाडी आपलीच आहे असं बोलले आणि सही-अंगठा दिला, तर मी इन्स्पेक्टर साहेबांना सांगून ठाण्यातच गाडी तपासायची परवानगी मागते." ही पहिल्यांदा कुणी उघडलेली फट होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना जीपमध्ये घालून नेलं. एका बाजूला मी, एका बाजूला सून, पुढे दीर.

सुनेला भीती होती. ती वाटेत त्यांना शिकवत होती. "मामा, नंबर इचारला तर काय सांगायचं? तीनशे चौदा."

"तीनशे चौदा," ते म्हणायचे.

"शाब्बास. आणखी एकदा."

"तीनशे चौदा."

भालकी येईपर्यंत ते असं म्हणत राहिले, शाळेतल्या पोरासारखे. मलाच उलटी झाली, गाडी थांबवावी लागली.

आधी फोनवाल्याकडे त्यांचा अंगठा लावून नंबर चालू करून घेतला, मग कचेरीत गेलो. खिडकीजवळ त्यांना खुर्ची दिली. बाई उठून बाहेर आली, तेवढा मान तिने ठेवला. कानडीत विचारलं, "अज्जा, गाडी निम्देन्री?" गाडी तुमची का?

मालक ताठ बसले. टोपी सरळ केली. "हौद्री. नम्दे." होय, आमचीच.

मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी कुणाला सरळ उत्तर दिलं होतं.

"नंबर एष्ट्री?" नंबर किती?

ते हसले. असा सोपा प्रश्न विचारला म्हणून हसले. "तीनशेचार," ते म्हणाले. "इचारा कुणालाबी. औरादपासून हुमनाबादपर्यंत इचारा. तीनशेचार."

सुनेने डोळे मिटले. बाईने माझ्याकडे बघितलं. "अज्जी, बुकात तीनशे चौदा आहे."

मी कानडीत, मराठीत, होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. रंगारी, शून्य, एक, उघडं कडं. तिच्या टेबलावरच्या कागदावर सुनेने दोन्ही आकडे काढून दाखवले. बाई कानडीच होती. तिला एकाचं शून्य कसं दिसेल तेच कळेना. "हे तर एक आहे," ती म्हणायची. "हे शून्य कसं वाटेल कुणाला?" तिच्यामागच्या टेबलावरचा एक जण मराठी निघाला. तो लांबून म्हणाला, "वाटतंय मॅडम. मला बी पैल्यांदा वाटलं व्हतं." तेवढ्या एका वाक्यावर आमचा अर्ज पुढे सरकला. परवानगी मागते म्हणाली. मिळेल तेव्हा कळवू.

परत येताना वाटेत कमलनगर लागतं. मी दिराला म्हटलं, जीप ठाण्याकडे घे. सोबत भाकरी आणि दूध होतंच. हवालदार दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "गाडी देऊ नका. किल्ली बी देऊ नका. माझ्या माणसाला पाच मिनिटं तिच्यात बसू द्या. ह्यो तिच्यातच जेवतो."

त्याने मालकांकडे बघितलं, त्यांच्या नाडा लावलेल्या धोतराकडे बघितलं. "साहेब बाहेर गेलेत," तो म्हणाला. "लवकर आटपा."

मालकांनी लांबूनच ओळखली. पुढची पाटी बघितली, "हां," म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने दार उघडून चाकामागे बसले. आत उन्हाने भट्टी झालेली होती. सुकलेले झेंडू काचेवर पडलेले. मी शेजारी बसून दुधात भाकरी कुस्करली. घास पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं. सगळं खाल्लं. पोलिसांचा एक कुत्रा दारापाशी येऊन बसला, त्यालाही त्यांनी तुकडा टाकायला लावला. मला रडू आलं नाही. मी मनात म्हणत होते, उद्या काय.

त्यानंतर जमेल तेव्हा जायचो. रोज जाणं होत नाही. जीप बघावी लागते, त्यांना उचलावं लागतं. हवालदार बघून न बघितल्यासारखं करायचा. मग त्याची बदली झाली. नवीन आलेल्याने दारातच अडवलं. जप्त गाडीत बाहेरच्या माणसाला बसू देता येत नाही, काही झालं तर नोकरी जाते. त्याचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं. मला कुणी चुकीचं सापडलंच नाही की ज्याच्या नावाने मी बोटं मोडावीत.

परवानगी आली तेव्हा थंडी पडायला लागली होती. इन्स्पेक्टर ठाण्यात आला. सांगाड्यावरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे पांढरे पांढरे वर आले. बुकाशी ताडून बघितले, जुळले. तो म्हणाला, "गाडी तुमचीच आहे." मी म्हटलं, "व्हय का? बरं झालं सांगितलाव." सुनेने मला चिमटा काढला.

मग फोटो वर गेले, बेंगळुरूला. तिथे बसणारे साहेब फोटो बघून ठरवतात. मग काहीच नाही. सून रोज फोन उघडून बघायची आणि मान हलवायची. मी विचारायचंही सोडून दिलं. मालकांनीही "तीनशेचार काढ" म्हणायचं सोडलं. सुनेला वाटलं, बरं झालं, विसरले, आता सुधारतील. मला तसं वाटलं नाही. ते मागायचे तोवर त्यांना काहीतरी पाहिजे होतं. आता काहीच नको होतं. पेज ओठातून परत बाहेर यायची. उदगीरच्या डॉक्टरने नाकातून नळी घालायची गोष्ट काढली. मी म्हटलं, थोडं थांबा.

शेवटी नंबर आला. जुना मिळाला नाही. चौदाही नाही आणि चारही नाही. नवीनच अक्षरं, नवीनच आकडे. कोर्टाने दंड केला, भरला, आणि ट्रॅक्टरला बांधून गाडी घरी आणली. नवीन पाटी चकचकीत होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं, ठोकून उठवलेली. जुनी रंगवलेली पाटी आणि मागची कानडी पाटी दोन्ही काढून टाकाव्या लागल्या.

सुनेने नियमाचा कागद वाचून दाखवला. ही गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला न्यायची, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला.

"लग्नाला?"

"न्हाई."

"बरं झालं. उभ्या गाडीत बसून जेवायला चालतंय का बघ."

तिने कागद उलटून बघितला. "त्याचं काय लिहिलं न्हाई, अत्ती."

मालकांना दोघी मिळून छपरात घेऊन आलो. ते पुढे येऊन उभे राहिले आणि पाटीकडे बघत राहिले.

"ही कुणाची?"

"आपलीच हाय. बसा."

"आपली तीनशेचार."

"तीच ही. नंबर बदललाय फक्त."

त्यांनी मान हलवली. मी पुढचं दार उघडलं तर ते मागे सरले. "दुसऱ्याच्या गाडीचं चाक धरू न्हाई," असं म्हणाले. मग मी मागचं दार उघडलं. ते धोतर सावरून मागच्या बाकावर, कडेला, अंग चोरून बसले. पाहुणा बसतो तसे. मी दुसऱ्या बाजूने ताट घेऊन बसले. घास केला आणि पुढे धरला.

त्यांनी हात जोडले. "न्हाई बाई. मी जेवूनच निघालोय घरून."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ते मला ओळखत नव्हते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण इतके दिवस चिडायचे, शिव्या द्यायचे, म्हणून ते कुठेतरी माझेच आहेत असं वाटायचं. परक्या बाईशी ते फार अदबीने बोलायचे, आयुष्यभर. तीच अदब आता माझ्या वाट्याला आली होती.

सून दारातून बघत होती. तिला वाटलं, संपलं. मी तिला हाताने थांब म्हटलं. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा जेवलोय असंच म्हणतो. उपाशी असला तरी म्हणतो. आणि घरच्याने ते ऐकायचं नसतं.

मी म्हटलं, "असं कसं, अप्पा? आमच्या दारात आलाव आन् उपाशी जाताव व्हय? लोक काय म्हणतील आमाला?"

ते अवघडले. "तसं न्हवं, बाई."

"एक घास तरी घ्या. न्हाईतर मला राग येईल."

त्यांनी घास घेतला. चावला. "भाकरी झ्याक हाय," ते म्हणाले. "कोण करतंय तुमच्यात?"

"मीच."

"हां." दुसरा घास घेतला. तिसऱ्याला पुन्हा हात आडवा केला, मी पुन्हा आग्रह केला. अर्धी भाकरी अशी गेली.

आता दोन्ही टायमाला असंच चालतं. माझ्या उभ्या संसारात मी त्यांना कधी आग्रह केला नव्हता. ताट ठेवलं की माझं काम संपायचं. आता घासाघासाला करावा लागतो, आणि जरा कमी पडला की ते हात धुतात. घसा दुखतो माझा बोलून बोलून. जेवण झालं की ते मला हात जोडतात आणि आमच्याच पडवीत बाहेर जायची वाट विचारतात.

काल जेवता जेवता म्हणाले, "बाई, तुमचे मालक दिसंनात कुठं?"

मी म्हटलं, "बाहेरगावी गेलेत."

"कवा येतेत?"

"सांगून गेले न्हाईत," मी म्हटलं. "तुमी घास घ्या."